तिथीची पाऊणपट

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘दुर्गम किनाऱ्यावरचे जगणे’ असा छापला आहे आणि त्यासाठी मला पंचेचाळीस मिनिटे दिली आहेत. विषय मीच सुचवला होता. पण त्यातल्या ‘दुर्गम’ या शब्दाशी माझे जुने भांडण आहे आणि ते आज आपल्यासमोर मांडावे म्हणूनच मी एवढा प्रवास करून आलो आहे. माझे म्हणणे असे की, कोकणातली समुद्रकाठची आणि खाडीकाठची गावे मुळात दुर्गम नव्हती. ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत दुर्गम झाली. पाण्याची वाट मोडली आणि खुष्कीची वाट त्यांच्या दारापर्यंत पुरती पोहोचली नाही, या दोहोंच्या मधल्या फटीत ती सापडली. हे एकदा मान्य केले, तर या गावांसाठी काय करायला हवे याचा विचारही वेगळा करावा लागतो. तो विचार मी शेवटच्या पंधरा मिनिटांत मांडणार आहे.

त्याआधी आपल्या सर्वांना एक प्रश्न विचारतो. आज तिथी कोणती? ज्यांना ठाऊक असेल त्यांनी हात वर करावा.

पहिल्या रांगेतल्या आजींनी लगेच सांगितले की आज संकष्टी आहे आणि चंद्रोदयाच्या आत त्यांना घरी पोहोचायचे आहे. आपण सगळे हसलात, मलाही बरे वाटले, कारण या प्रश्नाचे उत्तर शहरात आता उपवासाच्या निमित्तानेच मिळते. आजी, आपल्याला उशीर होणार नाही याची काळजी मी घेईन. आमच्या गावात मात्र तिथी पंचांगात पाहावी लागत नाही, कारण घराबाहेर पडायचे की नाही हे तीच ठरवते. चतुर्थी म्हणजे चार. चारची पाऊणपट तीन. म्हणून आज आमच्या खाडीत दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आली. पंचमीला ती पावणेचारला येईल, अष्टमीला सहाला येईल आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराला, दुपारच्या तोंडावर येईल. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास मागे पडतो आणि पाणी त्याच्यामागून चालते, एवढेच यातले शास्त्र आहे. खाडीच्या मुखाशी थोडे आधी आणि आत गेल्यावर थोडे उशिरा, असा थोडा फरक जाणकार तोंडीच करतात. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे शाळांतून कधीच गेले. आमच्याकडे पाऊणकी अजून टिकून आहे, कारण तिच्यावाचून पलीकडच्या तीरावर जाता येत नाही.

माझे गाव रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या सीमेपासून फारसे लांब नसलेल्या एका खाडीच्या काठी आहे. समोरचे गाव डोळ्यांना दिसते. तिथल्या देवळातली आरती वारा अनुकूल असेल तर आमच्या ओटीवर ऐकू येते आणि तिथे कोणी फटाके लावले तर आमच्याकडची कुत्री भुंकू लागतात. मधले पाणी सुमारे सातशे मीटर आहे. आमच्याकडे लग्न ठरले की मुहूर्त भटजी काढतात, पण तो तरवाल्याला, म्हणजे होडीतून खाडीपार नेणाऱ्याला, विचारल्याशिवाय पत्रिकेवर छापला जात नाही, कारण गोरज मुहूर्त साधण्यासाठी वऱ्हाड त्या वेळी पाण्यावर तरंगू शकले पाहिजे. माझ्या आत्याच्या लग्नात हा विचार राहून गेला होता आणि नवरदेवाला दोघा खलाशांनी खांद्यावर घेऊन चिखलातून धक्क्यावर आणले, ही हकीकत आमच्या घरात अजून सांगितली जाते. आत्याचा संसार पुढे पन्नास वर्षे सुखाचा झाला, हेही सांगितले पाहिजे.

आता इतिहासाकडे वळतो. आपल्यापैकी अनेकांना तो ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सतराव्या शतकात राजापुरात इंग्रजांची वखार होती आणि वेंगुर्ल्याला डचांची. जगाच्या दुसऱ्या टोकाचे व्यापारी ज्या बंदरांत दुकान थाटतात, ती आडवळणाची कशी म्हणता येतील? पुढे आगबोटी आल्या आणि मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाऊ लागली. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला असलेला आमचा माणूस भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसला की त्याच्या दृष्टीने तो घराच्या अंगणातच आलेला असे. बहुतेक बंदरांवर आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जावे लागायचे. मी सात वर्षांचा असताना आजोबांबरोबर असा गेलो आहे. पडाव लाटेवर वर आला की बोटीच्या दारातल्या खलाशाने हात पुढे करायचा आणि त्याच क्षणी उतारूने पाय उचलायचा. क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट पाहायची. आजोबांनी मला पोत्यासारखे वर दिले आणि वरच्या खलाशाने काखेत धरून आत ओढले. त्या खलाशाच्या हाताला डांबराचा आणि सुक्या बांगड्याचा वास येत होता. तो वास मी अजून विसरलेलो नाही.

मी त्या काळाचे गोडवे गायला उभा नाही. पाण्याच्या वाटेनेही आमची माणसे नेली आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या आधीच्या पिढीत ज्याच्या ओळखीतले कोणी त्या बोटीवर नव्हते असे घर अलिबागच्या बाजूला शोधावे लागे. शिवाय पावसाळ्यात आगबोटी बंद असत. ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. राजबंद्याला ठेवण्यासाठी त्यांना आमचा किनारा पुरेसा एकाकी वाटला होता, हे मी नाकारत नाही. मात्र तो एकाकीपणा ऋतूचा होता. तो कधी येणार हे सर्वांना ठाऊक असे आणि त्याची तयारी करायला वैशाख हाताशी असे. त्या तयारीलाच आम्ही आगोटीची बेगमी म्हणतो. मिरगाच्या आधी घर शाकारून व्हायचे, लाकूडफाटा पडवीत रचला जायचा. मीठ, रॉकेल, कुळीथ, सुकट, सोडे, आमसुले, आंब्याची साटे आणि उकडे तांदूळ घरात यायचे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की वाट पुन्हा उघडायची. आठ महिने उघडी आणि चार महिने बंद, अशी ती ठरलेली वाट होती.

मग रस्ते आले. मुंबई-गोवा महामार्ग आणि नंतर कोकण रेल्वे, जिच्यावरून २६ जानेवारी १९९८ पासून सलग गाडी धावू लागली, ही दोन्ही कामे मोठी झाली आणि कोकणाच्या एका भागाचे त्यांनी निःसंशय कल्याण केले. पण दोन्ही वाटा किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या बाजूला सरकून गेल्या, आणि त्याचे कारणही रास्त होते: खाडी मुखाशी रुंद असते आणि आत अरुंद होत जाते, म्हणून पूल आतच बांधायचा. परिणाम असा झाला की जे गाव पूर्वी वाटेवर होते ते वाटेच्या टोकाला गेले आणि ज्या आतल्या गावांना पूर्वी बंदरावर यायला दोन दिवस लागत ती वाटेवर आली. घराचे दार तेच राहिले, पण रहदारी परसदारी गेली. आजही दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी गाड्या फेरीबोटीत चढवून पलीकडे नेतात आणि पर्यटक त्याची मौज वाटून छायाचित्रे काढतात. ती मौज आहेच. पण ज्या खाडीवर फेरीबोटही नाही तिथे काय घडते, ते मला आता सविस्तर सांगायचे आहे, कारण माझ्या सबंध नोकरीत मला त्याइतके लागलेले दुसरे काही नाही.

मी आमच्याच गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि २०१८ मध्ये निवृत्त झालो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमचा पट नऊ होता. दहापेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत सामावून घ्यायच्या, असे धोरण त्या सुमारास राज्यात आले होते. पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळा १ किलोमीटरच्या आत मिळाली पाहिजे, हे तर शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांतच आहे. एका कार्यालयातून मला पत्र आले. त्यात लिहिले होते की आपल्या शाळेपासून नजीकची शाळा ७०० मीटर अंतरावर उपलब्ध असल्याने आपल्या शाळेचे समायोजन प्रस्तावित आहे. मी ते पत्र तीनदा वाचले. आमच्या बाजूला ७०० मीटरच्या आत शाळाच काय, दुकानही नाही. मग ध्यानात आले की कोणीतरी संगणकावरच्या नकाशात दोन ठिपक्यांच्या मधे सरळ रेघ ओढली आहे आणि ती रेघ खाडीवरून गेली आहे. त्याच दोन शाळांमधले अंतर रस्त्याने, आतल्या पुलावरून वळसा घालून, ३१ किलोमीटर आहे.

मी उत्तर पाठवले आणि प्रत्यक्ष पाहणीची विनंती केली. एक अधिकारी आले, ही त्यांची सज्जनता. माणूस खरोखर भला होता आणि ते नुसते कागद भरायला आले नव्हते. त्यांनी गाडी पलीकडच्या तीरावर ठेवली आणि दुपारी बाराच्या सुमारास तरीने अलीकडे आले. मार्गशीर्षातली वद्य द्वितीया होती, पाणी चांगले चढलेले होते, वारा पडलेला होता. आमच्या तरवाल्याने, ज्याला सगळा गाव तांडेलमामा म्हणतो, त्यांना अलगद धक्क्यावर आणून लावले. उतरताच त्यांनी मनगटावरचे घड्याळ माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, “गुरुजी, सात मिनिटे. शहरातल्या मुलांना यापेक्षा लांब जावे लागते.” मी म्हणालो, “साहेब, शाळा बघा, जेवून घ्या, मग बोलू.”

त्यांनी शाळा मनापासून पाहिली. मुलांकडून कविता म्हणून घेतल्या, वह्या पाहिल्या, नऊच्या नऊ मुलांशी बोलले. जेवणानंतर हजेरीपत्रके, पोषण आहाराची नोंदवही, इमारतीच्या दुरुस्तीचे कागद असे सगळे तपासून झाले, चहा झाला आणि पाच वाजता ते निघाले. आम्ही धक्क्यावर आलो तेव्हा धक्क्याच्या शेवटच्या पायरीपासून पुढे दीडशे मीटर चिखल होता. होडी त्यात तिरकी होऊन बसली होती. बगळे तिच्याभोवती शांतपणे चरत होते. मधला खोल प्रवाह दूर चकाकत होता आणि त्याच्या पलीकडे, समोरच्या तीरावरही, तसाच चिखल दिसत होता. साहेबांनी एक पाय खाली ठेवून पाहिला, तो गुडघ्यापर्यंत गेला. आम्ही दोघांनी धरून त्यांना वर काढले, पण बूट खालीच राहिला. तो काढायला तांडेलमामाला हात खांद्यापर्यंत चिखलात घालावा लागला.

“आता कधी निघायचे?” त्यांनी विचारले.

तांडेलमामा म्हणाला, “सायबानू, घाई करून काय उपेग नाय. पाणी इल्याशिवाय होडी हलाची नाय.”

“पण कधी?”

मुले आमच्या मागोमाग धक्क्यावर आली होती. त्यांतली चौथीतली एक मुलगी पुढे झाली आणि धडा म्हणून दाखवावा तसे तिने सांगितले की आज बीज, दोनची पाऊणपट दीड, दीडला भरती होती, पावणेआठला पूर्ण ओहोटी होईल आणि साडेदहाला होडी तरंगेल. पौर्णिमा नुकतीच होऊन गेल्याने पाणी उधाणाचे आहे, म्हणून ते जास्त आटते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढते-उतरते तेव्हा, एवढे आटले नसते, हेही तिने न विचारता सांगितले. साहेब तिच्याकडे पाहतच राहिले. त्यांनी तिला विचारले की हे तुला कोणी शिकवले, तेव्हा ती म्हणाली, “आज्येन.” त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो मला निवृत्तीच्या सत्काराच्या दिवशीही वाटला नाही.

मोबाइलला धक्क्यावर रेंज नव्हती. पलीकडे उभा असलेला त्यांचा चालक दिसत होता, पण त्याला काही कळवण्याची सोय नव्हती. अंधार पडल्यावर त्याने काळजीने गाडीचे दिवे दोनदा लावून विझवले. साहेबांनी माझ्या विजेरीने अलीकडून दोनदा उत्तर दिले. मग दर अर्ध्या तासाने हे चालू राहिले. दिवे लागायचे, विजेरी लागायची आणि मधल्या काळोखात चिखलातल्या खेकड्यांची टिकटिक ऐकू यायची. रस्त्याने जायचे म्हटले तर शेवटची एस.टी. गेलेली होती आणि गावात त्या दिवशी एकच रिक्षा, तीही तालुक्याला गेलेली. आठच्या सुमारास चंद्र वर आला. तांडेलमामाच्या घरून कुळथाची पिठी, उकडा भात आणि भाजलेली सुकट आली, ते साहेबांनी धक्क्यावर बसूनच खाल्ले. जेवताना ते फार बोलले नाहीत. एकदा मात्र म्हणाले, “गुरुजी, पाच वाजता शाळा सुटली असती आणि ही नऊ मुले पलीकडे असती, तर आत्ता तीही माझ्यासारखीच समोर बसली असती.” मी म्हणालो, “आणि त्यांच्या आया इथे बसल्या असत्या.” पंधरवड्यातले निदान चार-पाच दिवस हीच स्थिती येते, कारण शाळेची घंटा रोज एकाच वेळी वाजते आणि पाणी रोज पाऊण तास पुढे सरकते. पावसाळ्यातल्या वाऱ्याचे दिवस त्यात धरलेले नाहीत.

साडेदहाला होडी हलली. त्या मुलीचा हिशेब दहा मिनिटांनीही चुकला नाही.

पुढे त्यांनी अहवाल पाठवला आणि त्याची प्रत मला मिळाली. छापील प्रपत्रात अंतराचा रकाना होता, त्यात ७०० मीटर हाच आकडा ठेवणे त्यांना भाग होते, कारण तो खोटा नव्हता. भरती-ओहोटीचा रकाना नव्हता. म्हणून त्यांनी शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात, कागद उभा-आडवा करून, सगळी हकीकत लिहिली. त्या शेऱ्यावर आमची शाळा टिकली. पण एक माणूस स्वतः चिखलात पाय रुतवून आला म्हणून ती टिकली. ज्या गावांत कोणी आले नाही, किंवा आले ते भरतीला येऊन भरतीलाच परत गेले, त्या गावांचे काय झाले असेल, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

आता ही शाळा अजून चालू आहे, असे सांगता आले असते तर मला फार आनंद झाला असता. तसे नाही. १६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेले. कलमे मोडली, कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि आमच्या वाडीत अकरा दिवस वीज नव्हती. बर्फ नाही म्हणून मासळी टिकत नव्हती, पंप नाही म्हणून विहिरीवर पुन्हा रहाट बसवावे लागले. या गोष्टी माणसे सोसतात, आमच्याकडच्या माणसांना त्याची सवय आहे. पण त्या वर्षी तीन घरांतल्या तरुण जोडप्यांनी ठरवले की मुलांना घेऊन तालुक्याच्या गावी खोली करून राहावे. पट चारवर आला आणि शाळा बंद झाली. त्या वेळी कोणाच्या आदेशाची गरज लागली नाही. तौक्तेच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने रायगडातल्या आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या बागा अशाच झोपवल्या. वीस-पंचवीस वर्षे वाढवलेली पोफळ आणि नारळ एका दुपारी गेल्यावर माणसाने तिथे कशाच्या आधारावर थांबायचे, हा प्रश्न तिथले लोक अजून विचारत आहेत.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे राहिली आहेत आणि आजींचा चंद्रोदयही जवळ येत चालला आहे. तेव्हा ज्यासाठी उभा राहिलो ते आता भरभर सांगतो. माझ्या वहीत याची बारा पाने आहेत, त्यातले अगदी महत्त्वाचे तेवढे घेतो.

पहिली गोष्ट अंतराच्या मोजणीची. शाळा, आरोग्य उपकेंद्र, शिधावाटप दुकान, मतदान केंद्र, यांपैकी काहीही ठरवताना किनारी तालुक्यांत अंतर मीटरमध्ये न धरता वेळेत धरावे, आणि ती वेळ दोनदा लिहावी, एकदा भरतीची आणि एकदा ओहोटीची. यासाठी पैसा लागत नाही, प्रपत्रात एक रकाना लागतो. भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी छापली जातात, आणि ती हाताशी नसतील तर पाऊणकी आहेच.

दुसरी गोष्ट तरीची. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. निघाली, तेव्हापासून आपण एक तत्त्व मानत आलो आहोत: एखाद्या वाडीला जाणारी गाडी तोट्यात असली तरी ती सोडायची, कारण ती लोकांची गरज आहे. हेच तत्त्व पाण्याला लावलेले नाही. तरीचा धंदा म्हणजे मक्ता, मक्त्याचे उत्पन्न कमी झाले की मक्तेदार निघून जातो आणि वाट बंद पडते. तांडेलमामा आज सत्तरीच्या पुढे आहे. त्याचा मुलगा गोव्यात ट्रॉलरवर जातो, कारण तरीवर त्याचे घर चालत नाही. तरवाल्याला एस.टी.च्या चालकासारखा पगार आणि तरीला एस.टी.सारखे वेळापत्रक का असू नये? ते वेळापत्रक रोज पाऊण तासाने बदलेल, एवढाच फरक. याबरोबरच धक्के ओहोटीच्या पाण्यापर्यंत पुढे न्यावेत. आमचा धक्का भरतीच्या वेळी पाहून बांधला गेला आहे; तो आणखी दीडशे मीटर पुढे गेला असता तर साहेबांना बाराला येऊन पाचला जाता आले असते. मोठ्या पुलांची वाट आम्ही जन्मभर पाहू, पण या दीडशे मीटरांना पुलाइतका खर्च येत नाही.

तिसरी गोष्ट आजारपणाची, आणि ती सगळ्यात निकडीची. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आमच्याकडे ३१ किलोमीटरच्या बाजूने येते. रस्ता वळणाचा, पावसात खचणारा. ग्रामीण रुग्णालय मात्र खाडीच्या पलीकडे, धक्क्यापासून चार किलोमीटरवर आहे. अलीकडे एक यांत्रिक होडी आणि पलीकडे उभी राहणारी एक गाडी, एवढी व्यवस्था झाली तर बाळंतीण अर्ध्या तासात दवाखान्यात पोहोचेल. माझ्या धाकट्या वहिनीला आम्ही एका रात्री ओहोटीमुळे रस्त्याने नेले आणि पोहोचायला दीड तास लागला. ती वाचली, बाळ वाचले नाही. याहून जास्त मी त्याविषयी बोलू शकत नाही.

आंब्याच्या पेट्यांविषयी, रापणीविषयी, बंद घरांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांविषयी आणि गणपतीला व शिमग्याला दहा दिवस भरून वाहणाऱ्या गावांविषयी बोलायचे राहिले. आपण पुन्हा बोलावलेत तर त्यासाठी येईन. ज्या राज्याला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आहे असे आपण शाळेत घोकले, त्या राज्याच्या कारभारात पाण्याकडून जमिनीकडे पाहणारी एक तरी खिडकी असावी, एवढीच माझी मागणी आहे.

आता घड्याळात आठ वाजले आहेत. आजी, चंद्रोदयाला अजून सुमारे तासभर आहे, तेव्हा आपण सावकाश जा. आज चतुर्थी, तीनला भरती होती. सव्वानऊला पूर्ण ओहोटी होईल. आमच्या धक्क्यासमोर या वेळेला चिखल उघडा पडला असेल आणि होडी टेकली असेल. तांडेलमामा घरी जेवत असेल, पण त्याने विजेरी दाराशी ठेवलेली असते. अलीकडे कोणाला कळा सुरू झाल्या असतील, किंवा पलीकडून कोणी हाक मारत असेल, तर त्यांना साडेअकरापर्यंत थांबावे लागेल.